पुढे आलेला हात

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर सकाळी गर्दी कुठे असते, हे विचारावं लागत नाही. मुंबईच्या गाडीपाशी. तांदळाच्या पिशव्या, फणस, गोणपाटात बांधलेले कोयते, रडणारी मुलं, सगळं त्या बाजूला. महाबळेश्वरची गाडी जिथे लागते तिथे तीन-चार माणसं. त्या सकाळी त्यांत मी होते, आई-बाबा होते आणि वरच्या वाडीवर परत निघालेल्या दोन बायका होत्या, दुधाचे रिकामे कॅन घेऊन.

मे महिना होता. मोबाइल आमच्याकडे नुकते आले होते आणि पोलादपुरात रेंज मिळायची ती स्टँडच्या एका कोपऱ्यात. बाबांचं मेडिकल स्टँडसमोरच. राहायला आम्ही महाडला. ते रोज सकाळी पोलादपूरला येत आणि संध्याकाळी परत जात. त्या दिवशी त्यांनी शटर अर्धंच वर केलं होतं, म्हणजे दुकान उघडंही होतं आणि बंदही.

त्या बायकांपैकी एकीने माझ्या बॅगेकडे पाहिलं. "फिराया चाललीस काय गो म्हाबळेश्वरला? एकटीच?"

"नाही हो," आई म्हणाली. आई महाडला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि माझ्याऐवजी उत्तरं द्यायची तिला सवय होती. "हैदराबादला चाललीये. डॉक्टर आहे ती. पुढचं शिकायला."

"अजून शिकतेच हाय?" ती बाई खरोखर काळजीत पडली. "हिची शाळा संपायची कधी गो बाय?"

सगळे हसले. मीही हसले, पण नेहमीप्रमाणे आतल्या आत. मी इंग्रजी शाळेत वाढलेली, घरी शुद्ध मराठी, दुकानात येणाऱ्या वाडीवरच्या लोकांशी तिसरंच काही. तीन प्रकारे बोलता येत असल्यामुळे असेल, मी तिन्ही प्रकारे कमीच बोलायचे.

गाडी लागली. बाबांनी बॅगेसाठी हात पुढे केला आणि मी ती लगेच देऊन टाकली. बॅग जड नव्हती. मी एरवी याहून जड ओझं घेऊन फिरत असे. पण आमच्याकडे मोठ्या माणसाने हात पुढे केला की हातातलं द्यायचं, ही शिकवण मला अक्षरं यायच्या आधी मिळाली होती. ताट असो, वर्तमानपत्र असो, टीव्हीचा रिमोट असो. "विचारायला लावू नये गं," आई म्हणायची, "मागायच्या आत द्यावं." त्या दिवशी मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

यापूर्वी मी घर सोडलं नव्हतं असं नाही. एमबीबीएस आणि पुढचं सगळं पुण्यात झालं होतं. पण पुण्याहून शनिवारी येता येतं. ज्याला शनिवारी येता येतं त्याला आम्ही 'गेला' म्हणत नाही. तुम्ही, जे अजून तिथेच आहात, तुम्हाला हे ठाऊक आहे. आणि तुम्ही, जे मुंबईला, सुरतेला, आखाताकडे गेलात, तुम्हाला तर जास्तच. खरं जाणं म्हणजे ज्यात परत यायचा वार ठरलेला नसतो.

गाडी हलली तेव्हा आईने पदर डोळ्यांना लावला आणि मला मात्र, सांगायला लाज वाटते, आनंदाने बसवत नव्हतं. आपल्याकडची माणसं खाली मुंबईला जातात. मी आंबेनळी घाट चढून उलट्या दिशेने निघाले होते. महाबळेश्वर, सातारा, सोलापूर आणि तिथून रेल्वे. वळणावर वळण येत होतं आणि प्रत्येक वळणाला माझ्या पोटात काहीतरी उडी मारत होतं. ती भीती नव्हती.

मी काय शिकायला निघाले होते ते आईला मी असं समजावलं होतं: तोंडातून एक लांब लवचिक नळी आत घालायची, तिच्या टोकाला कॅमेरा. जठर ओलांडून पुढे आतड्यात जायचं. तिथे भिंतीवर एक लहानसा उंचवटा असतो, त्याला तांदळाच्या दाण्याएवढं तोंड. यकृतातलं पित्त तिथून बाहेर येतं. त्या वाटेत खडा अडकला की माणूस पिवळा पडतो. तर त्या तोंडातून बारीक तार वर सरकवायची आणि तिच्या आधाराने खडा खाली ओढून काढायचा.

"पोट न फाडता?" आईने विचारलं होतं.

"पोट न फाडता."

"आणि संध्याकाळी माणूस चहा पितो?"

"बहुतेक दुसऱ्या दिवशी सकाळी."

"मग जा बाई तू," आई म्हणाली होती. एवढ्यावर माझी परवानगी निघाली.

पोलादपूरच्या बाजूला पिवळे डोळे म्हणजे कावीळ आणि कावीळ म्हणजे झाडपाला. काही कावीळ आपोआप उतरते, म्हणून झाडपाल्याचं नाव होतं. खड्याची उतरत नाही. असे लोक शेवटी मुंबईला जायचे, तेही फार उशिरा. बाबांच्या काउंटरच्या मागे स्टुलावर बसून अभ्यास करताना मी ते डोळे पाहिले होते. तेव्हा मला वाटायचं, आत कुठेतरी एक दार आहे आणि ते कुणाला उघडता येत नाही.

हैदराबादने मला पहिल्याच आठवड्यात आवाजाने गाठलं. रिक्षावाला 'हो'ला 'हौ' म्हणायचा, भाजीवाला 'नक्को' म्हणायचा, आणि ते ऐकून मला एकदम घरचं वाटायचं, कारण ते आपलंच 'नको' होतं, फक्त वेगळ्या चालीत. इडलीला तिथे सकाळ लागत नाही, ती कधीही मिळते. मी 'टिफिन' म्हणू लागले. फोनवर आईला म्हणाले, "टिफिन झाला," तर ती म्हणाली, "डबा कुणी दिला?"

आमच्या हॉस्पिटलमध्ये ही प्रक्रिया जिथे चालायची ती खोली तळमजल्यावर होती, खिडकी नसलेली. अंगावर शिशाचा जड अॅप्रन, कारण एक्स-रे सतत चालू. मी तो अॅप्रन पहिल्यांदा घातला तेव्हा गुडघे वाकले आणि चेहऱ्यावर हसू आलं. सुदैवाने मास्क होता. त्या खोलीत आम्ही चौघं. सर, म्हणजे आमचे प्रशिक्षक, साठीकडे झुकलेले, तेलुगू, सगळ्या तरुण मुलींना 'अम्मा' म्हणणारे. मरियम्मा सिस्टर, ज्या तार हाताळायच्या. सुखविंदर, लुधियानाचा, माझ्याबरोबरच दाखल झालेला. आणि मी.

या दुर्बिणीची, म्हणजे त्या कॅमेऱ्याच्या नळीची, एक गंमत आहे. साध्या एंडोस्कोपीत कॅमेरा समोर बघतो. हिच्यात तो बाजूला बघतो, कारण तो उंचवटा भिंतीवर असतो, समोर नसतो. म्हणजे पुढे जायचं आणि बघायचं बाजूला. सुखविंदरला याने भंडावून सोडलं. मला नाही. घाटात खिडकीपाशी बसणाऱ्याला पुढचा रस्ता दिसत नाहीच. शरीराच्या झुकण्यावरूनच वळण कळतं. जठरातून आतड्यात उतरायचं वळण मला असंच कळायचं, मनगटात. आधी आम्हाला डुकराच्या जठरावर सराव करायला दिला. हे मी आईला सांगितलं आणि लगेच वाटलं, सांगायला नको होतं. "हात नीट धूत जा," एवढंच ती म्हणाली.

मग खऱ्या पेशंटवर. पहिल्यांदा तो उंचवटा माझ्या स्वतःच्या हातातल्या दुर्बिणीतून पडद्याच्या मधोमध आला. गुलाबी, ओलसर, शांत. त्याच्यातून पित्ताचा एक सोनेरी थेंब आला आणि ओघळला. पुस्तकात याचं चित्र असतं, पण ओघळणं चित्रात नसतं.

अवघड काम याच्यानंतरचं. त्या एका तोंडाच्या आत दोन वाटा. एक वर वळते, यकृताकडे. ती हवी असते. दुसरी सरळ जाते, स्वादुपिंडाकडे. ती नको असते. तार पुन्हापुन्हा नको त्या वाटेला लागली तर स्वादुपिंड सुजतं आणि बरा व्हायला आलेला माणूस जास्त आजारी होऊन बसतो. म्हणून प्रयत्न मोजकेच करायचे. तेवढ्यात जमलं तर जमलं.

सर केसेस मोजत नसत. "काही ठिकाणी विचारतात, किती केल्या," ते म्हणायचे. "चुकीचं शंभरदा केलं तरी आकडा शंभरच होतो, अम्मा." त्यांची पद्धत वेगळी होती. प्रत्येक केसनंतर ते आणि मरियम्मा सिस्टर एकमेकांशी न बोलता आपापलं ठरवायचे की शिकणाऱ्याला किती मदत लागली. हाताची मदत, तोंडाची मदत, की मदत नाही. सरांनी दुर्बीण स्वतः घेतली तर हाताची. नुसतं 'थोडं डावीकडे' म्हणाले तर तोंडाची. वर्ष संपताना बहुतेक केसेस 'मदत नाही'मध्ये असल्या आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर एक केस पार पडली, तर सर लिहून देणार: ही एकटीने करू शकते. पुण्यातल्या एका हॉस्पिटलने मला जागा द्यायचं कबूल केलं होतं ते याच वाक्यावर. तिथे ही प्रक्रिया करणारं दुसरं कुणी नव्हतं.

सहा महिने झाले तेव्हा सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुझे हात चांगले आहेत," ते इंग्रजीत म्हणाले. "सुखविंदरपेक्षा चांगले. पण तुझी जवळजवळ प्रत्येक अवघड केस 'हाताची मदत' आहे. तू दुर्बीण मला देऊन टाकतेस."

मला काही कळेना. "सर, तुम्ही मागता म्हणून देते."

"मी कधी मागितली?"

"हात पुढे करता."

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "अम्मा, तो प्रश्न असतो. हात पुढे करून मी विचारतो, हवी का मदत? सुखविंदर माझ्या हाताकडे ढुंकून बघत नाही, त्याला मला ओरडून थांबवावं लागतं. आणि तू विचारायच्या आत देतेस. असंच चाललं तर मला लिहावं लागेल की तू उत्तम सहायक आहेस. खोटं मला लिहिता येत नाही."

मी 'यस सर' म्हणून बाहेर आले. माझ्या हातांना जे येत होतं ते माझ्या घरच्या वळणामुळे कुणालाच दिसत नव्हतं. आणि गंमत अशी, की कारण कळल्यावरही जमेना. दुसऱ्या दिवशी तार तोंडाशी अडखळली, उजवीकडून सरांचा तळहात पुढे आला, आणि माझ्या बोटांनी दुर्बीण त्यांच्या हातात ठेवूनही दिली. माझ्या लक्षात आलं ते नंतर. मरियम्मा सिस्टरांनी कपाळावर हात मारला, हातमोज्यासकट, आणि मग हातमोजा बदलत बसल्या.

'नको' म्हणायचं, एवढंच. पण साठीच्या माणसाला, गुरूला, सगळ्यांसमोर 'नको'? तुमच्यापैकी ज्या मुली आपल्यासारख्या घरांत वाढल्या आहेत त्यांना विचारा.

रविवारी आईला फोन केला. मी अशा गोष्टी सांगत नाही, पण तिने आवाजावरून ओळखलं आणि खणून काढलं. ऐकून ती आधी हसली, मग चिडली.

"अगं, देऊन टाकावं ते ताट आणि पेपर. काम कुणी देऊन टाकतं का?"

"तूच शिकवलंस."

"मी शिकवलं! आणि मी काय करायचे ते नाही बघितलंस? तुझी आजी रोज माझ्यामागे उभी राहायची, 'दे गं ते लाटणं इकडे, तुला जमत नाहीये.' मी दिलं का एकदा तरी? एकदा दिलं असतं तर मला आयुष्यभर पोळी आली नसती."

"मग तू 'नको' म्हणायचीस? आजीला?"

"छे! सासूला 'नको' म्हणतात होय? मी म्हणायचे, 'झालंच, आई.' लाटत राहायचं आणि म्हणायचं, 'झालंच.' त्यांचा मान राहतो, लाटणं आपल्याकडे राहतं."

मागून बाबांचा आवाज आला, "आणि पोळी?"

"तुम्ही खाल्लीत ना इतकी वर्षं गुमान? मग!"

मी फोन ठेवला आणि खोलीत एकटीच मोठ्याने हसले.

पुढची अवघड केस मंगळवारी आली. एक शिक्षक, पिवळेधमक. तार तोंडाशी आली, घसरली. पुन्हा. उजवीकडून तळहात पुढे आला. माझी बोटं सैल होऊ लागली, आणि माझ्या तोंडून, इंग्रजीत नाही, हिंदीत नाही, स्वच्छ मराठीत निघालं, "झालंच, सर."

खोलीत कुणालाच मराठी येत नव्हतं. सर गोंधळले. "व्हॉट?"

"झालंच," मी पुन्हा म्हणाले, नजर पडद्यावर. मनगट किंचित वळवलं, दुर्बीण जराशी मागे घेतली, सिस्टरांना म्हणाले, "वायर, हळू." आणि एक्स-रेच्या पडद्यावर तारेची काळी रेघ वर निघाली. सरळ नाही, वर. यकृताकडे. घाट चढल्यासारखी.

मी ओरडले नाही. पण शिशाच्या अॅप्रनच्या आत मी उडी मारली होती, आणि मरियम्मा सिस्टर अजून सांगतात की ती त्यांना दिसली.

सरांनी हात मागे घेतला. त्या दिवशी 'मदत नाही'.

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत आनंदाचे. सकाळी उठल्याबरोबर आठवायचं, आज केस आहे, आणि मी पायऱ्या दोन-दोन उतरायचे. 'झालंच' हा शब्द त्या खोलीत रुळला. सुखविंदर तो 'जालच' म्हणायचा. सर रागात असले की तेही म्हणायचे, "कॅथेटर कुठेय? झालंच, झालंच, कधी होणार?" मी बोलायला लागले. काय दिसतंय, काय करणार, का. आधी पुटपुटत, मग ऐकू येईल असं. आपला विचार दुसऱ्याला ऐकू गेला म्हणून आपलं काही कमी होत नाही, हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं.

पण 'झालंच' म्हणण्यात एक धोका होता, आणि तो मरियम्मा सिस्टरांनी मला दाखवला. एकदा तार स्वादुपिंडाकडे जाऊन आली होती, पुन्हा गेली, आणि मी तिसऱ्यांदा 'झालंच' म्हणाले. शेवटी झालं, खडाही निघाला. पण हात धुताना त्या माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "डॉक्टरम्मा, पहिलं 'झालंच' खरं होतं. शेवटचं तुमच्या मनाच्या समाधानासाठी होतं." त्या पेशंटचं पोट संध्याकाळपर्यंत दुखत राहिलं. गंभीर काही झालं नाही. पण मी दिवसभर त्याच्या कॉटपाशी घुटमळत होते. पोळी बिघडली तर बाबा ती खाऊन टाकत. इथे मनगट बिघडलं की ते दुसऱ्याच्या पोटात बिघडतं.

परीक्षेच्या दिवशी चेन्नईहून एक मॅडम आल्या. पांढरे आखूड केस, हातात काही नाही, कोपऱ्यात उभ्या. पेशंट तरुण बाई होती, दोन मुलांची आई, डोळे पिवळसर, ताप नाही, बाकी ठणठणीत. सोपी केस म्हणून निवडलेली. नवरा बाहेर बाकावर बसला होता आणि मुलगी त्याच्या मांडीवर बिस्किट खात होती, हे मी आत जाताना पाहिलं.

आत सोपं काही नव्हतं. तो उंचवटा आतड्याच्या एका घडीखाली अर्धा दडला होता, तोंड खाली वळलेलं. मी बोलत होते, काय दिसतंय, काय करतेय. तार गेली, सरळ. नको ती वाट. मागे घेतली. कोन बदलला. पुन्हा सरळ. तिसऱ्यांदाही तीच वाट. तोंडाभोवतीची लाली वाढली होती. ते सुजू लागलं होतं. मॅडम एक पाऊल पुढे आल्या. आणि उजवीकडून सरांचा तळहात पुढे आला.

सगळं त्या क्षणात होतं. दुर्बीण दिली तर 'हाताची मदत', परीक्षेच्याच दिवशी. 'झालंच' म्हणून चालू ठेवलं तर कदाचित जमलंही असतं. पुण्याची जागा, सहा महिने सांभाळलेलं सगळं, त्या एका शब्दावर. आणि तो शब्द जिभेवर होता.

मी पडद्याकडे पाहिलं. ते सुजलेलं तोंड माझ्याकडे बघत होतं.

"नको, सर," मी म्हणाले.

सरांना 'नको' कळलं. हैदराबादमध्ये सगळ्यांना कळतं. पण हात तसाच राहिला. मग मी इंग्रजीत सांगितलं, आणि माझा आवाज मला स्वतःला मोठा वाटला: "मी पुढे करणार नाही. आणि तुम्हालाही देणार नाही. तोंड सुजलंय. आता कुणीही प्रयत्न केला, तुम्हीसुद्धा, तरी सूज वाढेल. हिला ताप नाही, घाई नाही. तार स्वादुपिंडात आहेच, तर तिथे एक बारीक नळी ठेवते, म्हणजे ते तुंबणार नाही, आणि आज इथेच थांबते. दोन दिवसांनी सूज उतरली की पुन्हा."

सर त्या हाताचं काय करावं हे न सुचल्यासारखे उभे राहिले, आणि मग त्यांनी तो अॅप्रनच्या खिशात घातला. मी नळी ठेवली. दुर्बीण बाहेर काढली. मग बाहेर जाऊन त्या नवऱ्याला सांगितलं, आज झालं नाही, का झालं नाही, पुढे काय. तो म्हणाला, "तुम्ही सांगता तर थांबतो." मुलीने मला अर्धं बिस्किट देऊ केलं.

मी कपडे बदलायच्या खोलीत बसून राहिले. वाटलं, संपलं. पण रडू येत नव्हतं. उलट पोटात तेच काहीतरी उड्या मारत होतं, घाटातलं, आणि मला स्वतःचाच राग येत होता की नापास झाल्यावर कुणी असं खूष होतं का.

मॅडम दोन दिवस थांबल्या. त्यांनी तसं करायची गरज नव्हती. त्या बाईचं पोट दुखलं नाही. दोन दिवसांनी तोंड पुन्हा गुलाबी, शांत होतं, आणि मी वेगळ्या कोनातून गेले, आणि तार पहिल्याच खेपेला वर चढली. खडा आला, वाटाण्याएवढा, मागोमाग सोनेरी पित्ताचा लोट. सर त्या वेळी खोलीत नव्हतेच. शेजारच्या खोलीच्या काचेपलीकडे ते मॅडमना कॉफी ओतून देत होते, आणि त्यांची पाठ माझ्याकडे होती.

नंतर मॅडम एवढंच म्हणाल्या, "परवा तू खडा काढला असतास तर मी तुला पास केलं असतं. पण मला तुझी खात्री नसती."

सरांनी लिहून दिल्यावर बाबांना फोन केला तर त्यांनी विचारलं, "म्हणजे आता कुणी मागे उभं राहणार नाही?" मी म्हणाले, नाही. "बरं," ते म्हणाले. फोन आईकडे गेला.

आता मी पुण्यात आहे. पुण्यातही मी घरी नाही आणि हैदराबादेतही नव्हते. सकाळी इडली लागते, चहा महाडसारखा लागतो, केस संपली की तोंडातून 'हौ' निघतं आणि आमच्या सिस्टर हसतात. महाडला गेले की मैत्रिणी म्हणतात, तू केवढी बोलतेस आता. आणि पोलादपूरच्या स्टँडवर उतरले की माझीच पावलं मला जरा जोरात पडल्यासारखी वाटतात. हे तुम्हा गेलेल्यांना कळेल: आपण जिथून निघालो ते ठिकाण आपल्याला ओळखतं, पण आपल्या जुन्या मापाने.

मागच्या महिन्यात एक म्हातारी आली, आंबेनळीच्या अंगाच्या एका वाडीवरची. गुरं राखणारं घर. मुलगा बरोबर, दोघंही एसटीने घाटातून आलेले. डोळे हळदीसारखे. टेबलावर घेतल्यावर, झोपेचं इंजेक्शन द्यायच्या आधी, तिने माझं मनगट पकडलं.

"कुनाची गो तू?"

मी सांगितलं. स्टँडसमोरच्या मेडिकलवाल्यांची.

"ठाव हाय मला. तुज्या तोंडून आयकायचं व्हतं." तिने मला नीट निरखून घेतलं. "तुज्या बापाकडं गेल्ते मी गोळ्या मागाया. नाय दिल्यान. म्हनला, म्हातारे, ह्याला माज्याकडं गोळी नाय. माज्या पोरीकडं जा. गाडीत बी त्यानंच बशिवली."

बाबांनी मला यातलं काही कळवलं नव्हतं.

म्हातारीने माझं मनगट सोडलं, डोळे मिटले आणि कुशीवर वळली, स्वतःच्या ओसरीवर वळावी तशी.

"आता तू बग," ती म्हणाली.

माझ्या उजवीकडे कुणी नव्हतं. मी दुर्बीण हातात घेतली.